कोणत्या दारातून आला? प्रत्येक ठिकाणी वेगळा ईमेल पत्ता देण्याचा अनुभव

उंबरठा

नमस्कार मंडळी,

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांचं ईमेल खातं मी बघायला लागलो. दिवसाला तीस-चाळीस फालतू मेल यायचे. त्यातच एकदा हयातीच्या दाखल्याबद्दलचा खोटा मेल आला आणि बाबांनी त्यात खातं क्रमांक, जन्मतारीख सगळं भरलं. बँकेने वेळेत खातं गोठवलं, पैसे गेले नाहीत. पण बाबांनी त्यानंतर सहा महिने मेल उघडलाच नाही. आयुष्यभर हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला आपण फसलो याची इतकी लाज वाटावी, हे मला फार लागलं.

तेव्हा मनात एकच प्रश्न होता. बाबा पेन्शनर आहेत आणि त्यांचा पत्ता हा आहे, हे त्या लोकांना कुणी सांगितलं? उत्तर शोधायला काही साधनच नव्हतं. एकच पत्ता पंधरा वर्षं वीज, गॅस, विमा, लग्नाचे हॉल, सगळीकडे दिलेला. शंभर दारांना एकच किल्ली असली की चोरी कुठून झाली ते कसं कळणार?

म्हणून त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता द्यायचा. सुरुवात जीमेलच्या अधिक चिन्हापासून केली. तुमचा पत्ता 'माझंनाव@जीमेल.कॉम' असेल तर 'माझंनाव+वीज@जीमेल.कॉम' या पत्त्यावरचा मेलही तुमच्याकडेच येतो. (इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात रोमन अक्षरं.) नवीन खातं काढावं लागत नाही. मेल आला की तो कोणत्या पत्त्यावर आलाय ते बघायचं. विजेसाठी दिलेल्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली, तर पत्ता विजेच्या वाटेनेच बाहेर गेला.

पाच वर्षांत दोन पत्ते अगदी स्पष्टपणे फुटले. एक रक्ततपासणीच्या ठिकाणी कागदी फॉर्मवर लिहिलेला, जो दुसरीकडे कुठेही दिला नव्हता. सात आठवड्यांत त्यावर मधुमेहाच्या औषधांच्या जाहिराती सुरू झाल्या. बाबांची साखर तपासायला दिली होती. दुसरा घरांच्या प्रदर्शनातल्या वहीत लिहिलेला. तिथलं मला नवल वाटलं नाही, पण तपासणीवाल्यांचं फार मनाला लागलं. माणसाचा आजार हा विकायचा माल नव्हे.

तुमच्यापैकी कुणी असं करतं का? काय सापडलं? आणि सापडल्यावर पुढे काय केलंत? माझी गाडी याच शेवटच्या प्रश्नावर अडली आहे.

शेवंती

फार महत्त्वाचा विषय काढलात. आईबाबांच्या बाबतीत आमच्याकडेही हेच झालं आहे.

एक अडचण. अधिक चिन्ह टाकलं की कितीतरी फॉर्म 'पत्ता चुकीचा आहे' म्हणतात. मुलीच्या शाळेचा फॉर्म तर पुढेच जाईना. तिथे काय करता?

उंबरठा

शेवंतीताई, चूक त्या फॉर्मची आहे. ईमेलच्या मूळ नियमांत अधिक चिन्ह वैध आहे, फॉर्म लिहिणाऱ्याने ते वगळलेलं असतं. तिथे मी टिंबं वापरतो. जीमेल नावातली टिंबं मोजतच नाही. 'माझं.नाव' आणि 'मा.झंनाव' दोन्ही एकाच खात्यात येतात. नाव दहा अक्षरांचं असेल तर मधे नऊ फटी, प्रत्येकीत टिंब द्यायचं किंवा नाही, म्हणजे ५१२ पत्ते झाले. मात्र कोणतं टिंब कुणाला दिलं ते लक्षात राहणं शक्य नाही, त्यामुळे वही हवीच. आणि टिंबांची ही सोय सगळ्या सेवांवर नसते. दुसऱ्या सेवांवर टिंब हललं की तो वेगळ्याच माणसाचा पत्ता होऊ शकतो.

मेलमास्तर

मी पुण्यात एका संस्थेचे मेल सर्व्हर सांभाळतो, वीसेक वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

अधिक चिन्हाचा दुबळेपणा आधी सांगतो. याद्या विकणाऱ्यांना ही युक्ती माहीत आहे. चिन्हापासून '@' पर्यंतचा मजकूर खोडायला संगणकाला क्षणही लागत नाही. खोडला की तुमचा खरा पत्ता त्यांच्या हातात आणि खूण नाहीशी. त्यामुळे चिन्हाच्या पत्त्यावर स्पॅम आला तर तो पुरावा आहे. नाही आला तर मात्र पत्ता फुटला नाही असं म्हणता येत नाही.

यावर पक्का उपाय स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे '@' नंतरचं नाव आपल्या मालकीचं. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत '.इन' डोमेन मिळतं, मेल ठेवण्याचा खर्च वेगळा. मग '@' च्या आधी काहीही लिहा, सगळं तुमच्याकडे येईल अशी सोय करता येते. तिला कॅच-ऑल म्हणतात. तिथे खोडण्यासारखं काही उरत नाही. पण कॅच-ऑल उघडं टाकलं की 'इन्फो', 'सेल्स', 'अ‍ॅडमिन' अशी नावं अंदाजाने लावून पाठवलेला कचराही येतो. आणि त्यातून पुराव्याचा घोटाळा होतो. तुम्ही 'विमा@' असा पत्ता दिला असेल तर कंपनी म्हणेल, कुणीतरी अंदाजाने लावला असेल, आमच्याकडून गेला नाही. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. म्हणून नावापुढे चार-पाच अर्थहीन अक्षरं जोडा, 'विमा.क७टझ' असं काहीतरी. ते अंदाजाने कुणालाही जमणार नाही.

दुसरी गोष्ट, मेलच्या वरच्या 'प्रति' ओळीवर विसंबू नका. स्पॅममध्ये ती बऱ्याचदा खोटी किंवा रिकामी असते, कारण पत्ते बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात घातलेले असतात. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत 'मूळ दाखवा' असं आहे. तिथे 'डिलिव्हर्ड-टू' आणि 'रिसिव्ह्ड' या ओळी वाचा. आपल्या सर्व्हरने मेल कोणत्या पत्त्यासाठी स्वीकारला ते तिथे दिसतं. खालच्या 'रिसिव्ह्ड' ओळी पाठवणारा बनवू शकतो. सर्वांत वरची, आपल्याच सर्व्हरने लिहिलेली, ती खरी.

राइनकाठ

मी जर्मनीत असतो. मेलमास्तरांच्या म्हणण्यात एक भर. डोमेन घेतलंत तर त्याचं नूतनीकरण कधीही चुकू देऊ नका. मुदत संपली आणि दुसऱ्याने ते विकत घेतलं, तर तुमच्या सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' वाले मेल त्याच्या घरी जातील. स्पॅमपेक्षा हे संकट कितीतरी मोठं आहे. मी पाच-पाच वर्षांचे पैसे एकदम भरतो आणि बायकोलाही तारीख सांगून ठेवली आहे.

डोमेनची उठाठेव नको असेल त्यांच्यासाठी टोपणपत्ते, म्हणजे आलेला मेल तुमच्या खऱ्या पत्त्यावर पोचवणारे वेगळे पत्ते देणाऱ्या सेवा आहेत. सिंपललॉगिन (२०२२ मध्ये प्रोटॉनने घेतली), मोझिलाची फायरफॉक्स रिले, डकडकगोची ईमेल प्रोटेक्शन, अ‍ॅपलवाल्यांसाठी 'हाइड माय ईमेल'. पत्ता फुटला की एक बटण दाबून तेवढाच बंद करता येतो. आईला मी यातलीच एक लावून दिली, तिला जमतं आहे.

पण बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा ठिकाणी दुसऱ्याच्या सेवेचा टोपणपत्ता देऊ नका. ती सेवा उद्या बंद पडली तर तुम्ही दाराबाहेर.

पंचगंगा

मंडळी, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. कोल्हापुरात सहलींचा व्यवसाय आहे, बावीस वर्षं. इथं सगळे कंपन्यांवर चिडलेत, त्यात चूक काही नाही, पण यादी बाहेर कशी जाते ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

आमच्यासारख्या धंद्यात यादी म्हणजे एक एक्सेल फाइल. नाव, मोबाईल, ईमेल, कुठं गेले होते, जेवण शाकाहारी का मांसाहारी. ती फाइल हाटेलला जाते, बसवाल्याला जाते, विमा काढणाऱ्याला जाते, सगळी व्हाट्सअ‍ॅपवरनं. नको असलेल्या रकान्यांसकट. कारण रकाने काढायला कुणाला सवड नसते. सणाला शुभेच्छांचा मेल पाठवायचा म्हटलं की तीच फाइल मेल पाठवणाऱ्या एजन्सीला. पुढं त्या एजन्सीकडं तिचं काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही, आम्ही कधी विचारलंही नाही.

आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे नोकरी सोडून जाणारा माणूस. आमच्याकडचा एक पोरगा गेला आणि महिन्यात आमच्या जुन्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या सहलींचे मेल. एका ग्राहकानं मला फोन केला, "मी तुमच्यासाठी वेगळा पत्ता दिला होता, त्यावर हे आलंय." मी आधी चिडलो त्यांच्यावर. मग शांतपणे बसून बघितलं तर त्यांचं शंभर टक्के खरं. त्या काकांनी फोन केला नसता तर मला कधीच कळलं नसतं. तेव्हापासून फाइल एकाच मशीनवर, पासवर्ड घालून, आणि हाटेलला फक्त नावं आणि खोल्यांची संख्या.

म्हणून उंबरठा यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: सांगा. ज्याच्याकडनं गेलं त्याला सांगा. दहातले आठ उत्तर देणार नाहीत, पण दोघं आपली फाइल उघडून बघतील.

उंबरठा

पंचगंगा, मनापासून आभार. हे आतून सांगणारा माणूस भेटत नाही.

तुमच्यामुळे एक चुकलेली गोष्ट सांगायचं धाडस होतंय. आमच्या गावातल्या छोट्या वाचनालयाला दिलेल्या पत्त्यावर दोन वर्षांपूर्वी स्पॅम आला. मी तडक ग्रंथपालबाईंना कडक शब्दांत मेल लिहिला. त्या बिचाऱ्या स्वतः भेटायला आल्या, डोळ्यांत पाणी. नंतर उलगडलं ते असं: वार्षिक सभेची नोटीस त्यांनी सगळ्या सभासदांना एकाच मेलमध्ये, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील अशी पाठवली होती. त्यातल्या कुणाच्या तरी संगणकात किंवा फोनमध्ये शिरलेल्या व्हायरसने ते पत्ते उचलले असणार. मी जाऊन माफी मागितली आणि बीसीसी कसं वापरायचं ते दाखवून आलो.

वेगळा पत्ता दार दाखवतो. त्या दारातून कोण गेलं ते दाखवत नाही. मी या दोन्हींची गल्लत केली होती.

मेलमास्तर

अगदी हेच. याची दोन जुनी, नोंदलेली उदाहरणं आहेत. आम्ही नव्या मुलांना ती नेहमी सांगतो.

पहिलं टीडी अमेरिट्रेडचं, अमेरिकेतली शेअर दलाल कंपनी. तिच्या काही ग्राहकांनी फक्त तिच्यासाठी वेगळे पत्ते बनवले होते. त्या पत्त्यांवर अमुक शेअर घ्या, तमुक वर जाणार असे मेल यायला लागले. ग्राहकांनी तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की तिच्या यंत्रणेत परका कोड सापडला आणि ६३ लाखांवर ग्राहकांची माहिती असलेल्या साठ्यापर्यंत तो पोचला होता. ग्राहकांच्या टोपणपत्त्यांनी ही गोष्ट कंपनीने जाहीर करण्याआधीच दाखवली होती.

दुसरं ड्रॉपबॉक्सचं. जुलै २०१२ मध्ये युरोपातले वापरकर्ते सांगू लागले की फक्त ड्रॉपबॉक्ससाठी बनवलेल्या पत्त्यांवर जुगाराच्या जाहिराती येताहेत. ३१ जुलैला कंपनीने खुलासा केला. दुसऱ्या संकेतस्थळांवरून चोरलेले पासवर्ड वापरून कुणीतरी काही खात्यांत शिरलं होतं, त्यातलं एक त्यांच्याच कर्मचाऱ्याचं. त्या खात्यातल्या एका कागदपत्रात ग्राहकांचे पत्ते होते. तेव्हा प्रकरण एवढंच वाटलं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचे पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर फिरताना सापडले, आणि ते २०१२ चेच होते. जुगाराची ती मूठभर पत्रं म्हणजे धूर होता, आग खाली होती.

पंचगंगांच्या एजन्सीवालं मोठ्या प्रमाणावर उघड झालं ते एप्रिल २०११ मध्ये. एप्सिलॉन नावाची कंपनी अमेरिकेतल्या मोठ्या बँका आणि दुकानांच्या वतीने मेल पाठवायची. तिच्याकडूनच नावं आणि पत्ते चोरीला गेले. ग्राहकांनी ते नाव ऐकलेलंही नव्हतं. त्यांनी पत्ता बँकेला दिला होता.

आपल्याकडेही २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. अशा फुटलेल्या साठ्यांत आपला पत्ता आहे का ते 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. स्वतःचं डोमेन असेल तर मालकी सिद्ध करून त्यावरचे सगळे पत्ते एकदम तपासता येतात. कुणाला जाब विचारण्याआधी तिथे जरूर बघा.

तारमास्तर

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. आपली चर्चा वाचताना एक जुनी आठवण जागी झाली, म्हणून लिहितो.

आमच्या बीटमध्ये एक शिक्षक राहत असत. त्यांच्या नावे येणाऱ्या प्रत्येक मासिकावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर निराळे असे. प्रथम मला छपाईची चूक वाटली. एके दिवशी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मुद्दाम लिहितो. माझे नाव कोण कोणाला देतो ते मला कळते." पुढे बियाण्यांच्या एका जाहिरातीवर 'ग' आद्याक्षर आले, ते त्यांनी एका शेतीविषयक मासिकास दिलेले होते. त्यांनी त्या संपादकांना पोस्टकार्ड लिहिले, ते मीच पेटीतून काढले.

आपण जे संगणकावर करता ते त्या काळीही जागरूक माणूस करीत असे, एवढेच सांगायचे होते.

शेवंती

तारमास्तर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि त्यामुळे मला माझं उत्तर सापडलं!

माझा खरा त्रास ईमेलपेक्षा मोबाईलचा आहे. नंबर एकच, ओटीपी त्यावरच, तो वेगवेगळा कसा देणार? पण नाव वेगळं देता येतं. साडीच्या दुकानात नंबर सांगताना मधलं अक्षर बदलून सांगायचं. मग फोनवरची मुलगी कोणत्या नावाने हाक मारते त्यावरून कळेल. अर्थात सरकारी कागदपत्रं, बँक, विमा, रुग्णालय इथे नाव खरंच द्यायचं, तिथे खेळ नको. पण बिलासाठी नंबर मागणाऱ्या दुकानात खरं नाव सांगायचं बंधन नाही.

नको असलेल्या फोनची आणि एसएमएसची तक्रार १९०९ वर करता येते, ती मी करते. ईमेलसाठी असं काही आहे का?

राइनकाठ

माझ्या माहितीत ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) ते नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत, ईमेल त्यात येत नाही.

इथे युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्याच्या कलम १५ चा मी एकदा उपयोग केला. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती तुम्हाला कुठून मिळाली, हे विचारायचा हक्क त्यात आहे. उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं. एका फर्निचर विक्रेत्याचे मेल मी फक्त एका मेळाव्याला दिलेल्या पत्त्यावर येत होते. मी तीन ओळींचं पत्र लिहिलं, चोविसाव्या दिवशी उत्तर आलं: पत्ता अमुक आयोजकाकडून घेतला, आता खोडला. आयोजकाला लिहिलं, त्यानेही कबूल केलं. माझ्या हातात तो खास पत्ता नसता तर 'आमच्या संकेतस्थळावर तुम्हीच भरला असेल' यावर विषय संपला असता.

भारतातल्या कायद्याचं मेलमास्तर सांगू शकतील का?

मेलमास्तर

मी वकील नाही, पण कामामुळे वाचावं लागतं.

२०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशी माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायला हवा, आणि तक्रारीचा निपटारा महिन्याभरात करायला हवा. पानाच्या तळाशी, गोपनीयता धोरणाच्या शेवटी ते नाव सापडतं. सर्वसाधारण ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहून वेळ घालवू नका.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आपली माहिती आणखी कोणाकोणाला दिली त्यांची नावं मागण्याचा हक्क त्यात कलम ११ मध्ये आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यांत दीड वर्षाची मुदत आहे. तोवर तुमचे पुरावे नीट जमवून ठेवा. मेल नुसता पुढे पाठवला तर हेडर, म्हणजे 'रिसिव्ह्ड' सारख्या त्या ओळी, गळून पडतात. 'मूळ दाखवा' मधून पूर्ण फाइल उतरवून ठेवा.

रानपाखरू

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी कपड्यांच्या दुकानात काउंटरवर काम करते. पत्त्यात आमच्याच दुकानाचं नाव असलेले ग्राहक येतात तेव्हा आम्ही गोंधळतो. "तुम्ही कंपनीतले का?" असं मीही एकदा विचारलंय. त्या ताईंनी दोन मिनिटं थांबून नीट समजावलं. तर विनंती एवढीच की समजावून सांगा, बरेच जण ओरडतात. आणि ईमेल नसेल द्यायचा तर 'नको' म्हटलं तरी बिल होतं. तो रकाना रिकामा सोडता येतो, निदान आमच्याकडे. वरून टार्गेट असतं म्हणून आम्ही विचारतो.

उंबरठा

रानपाखरू, हे कुणी सांगितलं नसतं. धन्यवाद.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काल रात्री तीन गोष्टी केल्या. बाबांसाठी डोमेन घेतलं, पाच वर्षांचे पैसे भरून. वहीत नवा रकाना आखला. आधी पत्ता, कुणाला दिला आणि तारीख एवढंच होतं, आता 'त्यांनी तो आणखी कुणाला दिसेल असा वापरला का' हेही लिहिणार आहे, वाचनालयाची चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

आणि रक्ततपासणीवाल्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधलं, ते खरंच धोरणाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. पत्र बाबांनी स्वतः लिहिलं, मी फक्त टंकलं. कोणता पत्ता, कोणत्या तारखेला दिला, पहिला मेल कधी आला, आणि अहवाल पाठवायला तुम्ही कोणती बाहेरची सेवा वापरता, हा पंचगंगांमुळे सुचलेला प्रश्न. आरोप एकही नाही. सोबत फॉर्मची झेरॉक्स आणि मेलची पूर्ण फाइल जोडली.

पाठवायचं बटण बाबांनीच दाबलं. आज सकाळपासून त्यांनी तीनदा मेल उघडून पाहिला आहे, उत्तर आलं का ते बघायला. आलं की इथे लिहितो.